‘लोकशाही त्यांच्या रक्तातच नाही’ म्हणे!

एरवी असले फॉरवर्ड मी न वाचता सोडते. हाही सोडला असता. पण अकरावीतल्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तपासायला पाठवलं, आणि आमच्या मोठ्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर त्यात स्वल्पविरामासकट उतरलेला दिसला. मामांना विचारलं, हे कोणी लिहिलंय? तर म्हणाले, “अगं, निवृत्त कर्नल आहेत, अनुभवाचे बोल आहेत.” कर्नलांचं नाव काही मजकुरात सापडलं नाही.

मजकुराचा सारांश असा. अमेरिकेने अफगाणिस्तानला लोकशाही शिकवण्यावर २० वर्षं आणि २ लाख कोटी डॉलर उधळले, आणि ते ११ दिवसांत कोसळलं. त्यांच्या सैनिकांनी एक गोळी झाडली नाही. कारण लोकशाही त्या लोकांच्या रक्तातच नाही. अशा देशांना दंडुकाच लागतो. परकीय मदतीने आजवर एकही देश सुधारलेला नाही. आपण मात्र कोणाच्याही मदतीशिवाय लोकशाही उभी केली, तेव्हा भारताने या भानगडीत एक रुपयाही घालू नये.

पैशांपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्या आकड्यावर उभा आहे. २ लाख कोटी डॉलरचा आकडा हवेतला नाही, पण तो लोकशाहीवरचा खर्च नाही. तो युद्धाचा एकूण हिशेब आहे, कर्जावरचं व्याज आणि जखमी सैनिकांचे उपचार धरून. अफगाण पुनर्बांधणीच्या खर्चावर नजर ठेवायला अमेरिकी काँग्रेसने ‘सिगार’ नावाचं विशेष महानिरीक्षक कार्यालय नेमलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, नेमकं काबूल पडत असताना, त्यांनी २० वर्षांचा झाडा मांडणारा अहवाल काढला. त्यानुसार लढाईवर गेले ८३,७०० कोटी डॉलर आणि पुनर्बांधणीवर १४,५०० कोटी. या १४,५०० कोटींतलेही निम्म्याहून जास्त अफगाण सैन्य आणि पोलीस उभे करण्यात गेले. उरलेल्यातून रस्ते, वीज, दवाखाने, शाळा, अफूविरोधी मोहिमा. निवडणूक आयोग, न्यायालयं, संसद, स्थानिक कारभार यांच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा आला. बॉम्बचं बिल लोकशाहीच्या नावावर फाडायचं आणि मग लोकशाही महाग पडली म्हणायचं, ही हिशेबाची कोणती पद्धत?

‘एक गोळी झाडली नाही’ हे वाक्य तर लिहिणाऱ्याला शोभत नाही, तो खरंच कर्नल असेल तर अजिबातच नाही. त्याच अहवालात मेलेल्या अफगाण सैनिक-पोलिसांचा आकडा आहे : किमान ६६,०००. अमेरिकेचे सैनिक गेले २,४४३. शेवटच्या दिवसांत फळी फुटली हे खरं. ६ ऑगस्टला झरंज पडलं (भारताने बांधलेला देलारामचा रस्ता जिथे पोचतो तेच हे झरंज) आणि १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये होते. पण त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये कतारमधल्या दोह्यात अमेरिकेने तालिबानशी करार केला, तो काबूलच्या सरकारला बाहेर बसवून. त्यात ५,००० तालिबानी कैदी सोडण्याचं कलम होतं. आपल्या पाठीमागे आपला सौदा झालाय हे कळलेला शिपाई कोणासाठी उभा राहणार होता?

आता ते रक्ताचं. हा मुद्दा वाचून मला खरा संताप आला, कारण यात नुसती माहिती चुकीची नाही, माणुसकीच गायब आहे.

१९६४ च्या राज्यघटनेने अफगाण स्त्रियांना मताधिकार दिला आणि १९६५ च्या निवडणुकीत चार बायका कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर मत द्यायला १९७१ उजाडावं लागलं. कोणाच्या रक्तात काय होतं, ठरवा. पुढे ९ ऑक्टोबर २००४ ला अध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली. ८० लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं, त्यात पाचातल्या दोन स्त्रिया होत्या. आणि २०१४ मध्ये हेरात प्रांतात तालिबानने ११ म्हाताऱ्या माणसांची बोटं छाटली. गुन्हा काय, तर बोटाला मतदानाची शाई लागलेली होती. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळते म्हणून लोक लोणावळ्याला जातात. तिथे बोट जाईल हे माहीत असून माणसं रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्या रक्ताबद्दल आपण पुण्यात सोफ्यावर बसून निकाल देतो.

मग २०१९ ला काय झालं? नोंदलेले मतदार ९६ लाखांच्या घरात, मोजली गेलेली वैध मतं जेमतेम १८ लाख. फॉरवर्डवाला म्हणेल, बघा, उत्साह संपला. संपलाच. का संपला, ते मधल्या दोन निवडणुका सांगतात. २००९ ला तेव्हाचे अध्यक्ष हमीद करझाई यांच्या खात्यातली लाखो मतं बोगस म्हणून रद्द करावी लागली. दुसऱ्या फेरीआधी त्यांचे प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी माघार घेतली आणि करझाई तसेच अध्यक्ष राहिले. २०१४ ला तर कहर झाला. अश्रफ घनी आणि अब्दुल्ला या दोन उमेदवारांमधल्या दुसऱ्या फेरीची सगळी, म्हणजे ८० लाखांच्या आसपास मतं पुन्हा तपासली, आणि शेवटी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या मध्यस्थीने दोघांमध्ये सत्तेची वाटणी झाली. निवडणूक आयोगाने घनी जिंकले एवढंच जाहीर केलं. कोणाला किती मतं पडली हे निकालाच्या वेळी सांगितलंच नाही. बोट पणाला लावून मत दिलेल्या माणसाला कळलं की निकाल मतपेटीत लागलेलाच नाही. पुढच्या वेळी तो घरी बसला, यात रक्ताचा दोष कुठे?

आणि निवडणुकीपलीकडचं घर तरी कसं बांधलं होतं? जानेवारी २००४ च्या घटनेने सगळ्या किल्ल्या अध्यक्षाच्या कमरेला बांधल्या. प्रांताचा गव्हर्नर काबूलमधून नेमायचा, जिल्ह्याचा प्रमुख काबूलमधून, पोलीसप्रमुखही काबूलमधूनच. प्रांतिक परिषदा निवडून यायच्या, पण त्यांच्या हाती ना पैसा ना अधिकार. घटनेत जिल्हा परिषदा आणि नगरपालिका निवडून येतील असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या निवडणुका २०२१ पर्यंत एकदाही झाल्या नाहीत. (मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होती, तेव्हा आपणही फार टेचात बोलू नये. गटार तुंबलं तर कोणाची कॉलर धरायची हेच तेव्हा कळत नव्हतं.) हेलमंड प्रांतातल्या शेतकऱ्याला सरकार म्हणून जो माणूस भेटायचा, त्याला त्याने निवडलेलं नव्हतं आणि तो त्याला काढूही शकत नव्हता. शिवाय सरकारच्या खर्चातला साधारण ७५ टक्के पैसा परदेशी अनुदानातून यायचा. त्यामुळे मंत्र्याला भीती देणगीदाराची, करदात्याची नाही.

जिथे लोकांच्या हाती खरोखर काही दिलं, तिथे चित्र वेगळं होतं. २००३ पासून ‘राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम’ चालला. गावाने गुप्त मतदानाने विकास परिषद निवडायची, त्यात बायकाही. मग कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर. विहीर हवी की वीज, ते गावाने ठरवायचं. ५०० गावं घेऊन, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी हा कार्यक्रम देऊन, संशोधकांनी त्याची तपासणी केली. निष्कर्ष संमिश्र निघाले. पिण्याचं पाणी आणि वीज सुधारली, रस्ते आणि कालव्यांत फारसा फरक पडला नाही. पण गावच्या कारभारात बायकांचा सहभाग वाढला. चमत्कार नाही झाला, पण ‘रक्तात नाही’ म्हणायलाही जागा उरत नाही.

पैसा खाल्ला गेला, हे मात्र कबूल करावंच लागेल. मनात नसताना करते, पण करते. काबूल बँकेतून बनावट कर्जांच्या नावाखाली ९० कोटी डॉलरच्या वर रक्कम लुटली गेली. २०१० मध्ये बिंग फुटलं, तेव्हा अध्यक्षांचा एक भाऊ आणि उपाध्यक्षांचा एक भाऊ भागधारकांच्या यादीत निघाला. सिगारचा अहवाल अमेरिकेलाही सोडत नाही. कमी वेळात भरमसाट पैसा ओतल्यानेच भ्रष्टाचार फोफावला, असं तो सांगतो. माणसं दरवर्षी बदलायची, योजना दरवर्षी नव्याने, त्यामुळे २० वर्षांचं एक काम होण्याऐवजी एकेका वर्षाची २० कामं झाली. पोलिसांना प्रशिक्षण द्यायला पाठवलेले काही सल्लागार पोलिसी काम समजून घ्यायला अमेरिकन टीव्ही मालिका बघत होते, हेही त्यातच आहे. मी बनवून सांगत नाहीये. पण त्याच अहवालात पुढे हेही आहे की सरासरी आयुर्मान ५६ वरून ६५ वर गेलं आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. फॉरवर्डमध्ये अर्थातच हे नाही.

‘दंडुका लागतो’ यावर फार शाई घालवत नाही. दर वेळी सिंगापूरचं नाव येतं. मोबुतूचा झैरे, सियाद बर्रेचा सोमालिया, गद्दाफीचा लिबिया यांची नावं कधीच येत नाहीत. तिथे दंडुका दशकानुदशकं चालला. धरणारा गेला आणि मागे देश चालवायला एकही संस्था शिल्लक नव्हती. आणि अफगाणिस्तानात आता दंडुकाच आहे की. सहावीनंतर मुलींची शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. मामांना हे मॉडेल हवंय का, ते त्यांनी भाचीला समोर बसवून सांगावं.

‘एकही देश सुधारला नाही’ याला एक देश पुरे. पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया. १९८९ ते २००३ मध्ये तिथे दोन यादवी युद्धं झाली. २००५ मध्ये तिथल्या सरकारने आणि मदत देणाऱ्या देशांनी एक विचित्र करार केला : मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, जंगल खातं अशा ठिकाणी मोठ्या खर्चाच्या कागदावर लायबेरियन अधिकाऱ्याबरोबर परदेशी तज्ज्ञाची सही लागेल. लोक चिडले, हे सार्वभौमत्वावर घाव आहे म्हणाले, आणि ते चिडणं रास्तच होतं. पण तिजोरीची गळती आटली, काही वर्षांत ती परदेशी सही निघून गेली आणि २०१० मध्ये सुमारे ४६० कोटी डॉलरचं कर्ज माफ झालं. आपल्या सीआरपीएफच्या महिलांचं पथक २००७ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होतं. शांतिमोहिमांतलं सर्वस्वी महिलांचं ते पहिलंच पोलीस पथक. जानेवारी २०१८ मध्ये एलेन जॉन्सन सर्लीफ यांनी जॉर्ज वेआ यांच्याकडे सत्ता सोपवली. निवडून आलेल्या एका अध्यक्षाने दुसऱ्याकडे शांततेत सत्ता द्यायची वेळ तिथे १९४४ नंतर प्रथमच आली होती. २०२३ मध्ये वेआ सुमारे २० हजार मतांनी हरले आणि अंतिम निकालाआधीच प्रतिस्पर्ध्याला फोन करून पराभव मान्य केला. देश आजही गरीब आहे, लाचखोरीही आहे. पण हरलेला माणूस घरी जातो. ते किती प्रगत देशांत अवघड झालंय, हे आपण टीव्हीवर बघितलंच आहे.

राहिलं ते भारताचं. १९५१-५२ ची आपली पहिली निवडणूक तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी पार पाडली, हे बरेच जण जाणतात. पुढे १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष तेच होते. म्हणजे ‘भानगडीत’ आपण प्रजासत्ताक होऊन चार वर्षं व्हायच्या आत पडलो, आणि तेही आपली उत्तम माणसं पाठवून. सुदानमध्ये १९५८ ला लष्कराने सत्ता घेतली हे खरं, पण त्यात सेन यांच्या मतदारयादीचा दोष कोणी काढलेला नाही.

अफगाणिस्तानातही आपण होतो. काबूलची नवी संसद भारताने सुमारे ९ कोटी डॉलर खर्चून बांधली. २५ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींनी तिचं उद्घाटन केलं. प्रश्न विचारायचाच असेल तर एक रुपया का घातला हा नको. आपण इमारत बांधली आणि शिष्यवृत्त्या देऊन अफगाण मुलांना शिकवलंही. पुण्याच्या कॉलेजांतून शेकडो शिकले. उद्या तिथे पुन्हा कधी कचेऱ्या, न्यायालयं, शाळा उभ्या करायच्या झाल्या तर कामाला येणारी माणसं ती हीच. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा आपण एका फटक्यात रद्द केले. सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले, त्यांत मुली होत्या आणि अर्धवट राहिलेल्या पदव्या होत्या. त्यांना आपण वाऱ्यावर का सोडलं, हा खरा प्रश्न. भाचीच्या भाषणात हा प्रश्न घालायला मी सांगितलंय. मामा परीक्षकांच्या शेजारी बसणार असतील तरीही.