रंग निगेटिव्हमध्ये नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, मीही तसंच लिहितो. तुमचं म्हणणं असं, की जुन्या कृष्णधवल चित्रपटावरचे ओरखडे पुसले की मी त्याला 'जतन' म्हणतो आणि रंग भरले की 'विटंबना', हा दुटप्पीपणा आहे, कारण दोन्हीकडे संगणकच चित्र बदलतो. दाखला नंतर रंगवलेल्या 'मुघल-ए-आझम'चा. आणि शेवटी प्रश्न, की आजोबांची 16 मिलिमीटरची रीळ एआयनं रंगवली तर बिघडलं कुठे?

'विटंबना' हा शब्द जरा जास्तच झाला, तो मागे घेतो. पण ही दोन कामं एक नव्हेत. ओरखड्याखाली काय होतं याचा पुरावा त्याच फिल्ममध्ये, मागच्या-पुढच्या फ्रेमवर सापडतो. साडीचा रंग कुठल्याच फ्रेमवर सापडत नाही.

हिशोबच करून बघा. रंगीत चित्राची करडी छटा काढायचं टीव्हीवाल्यांचं जुनं सूत्र आहे: लालाचा 0.299, हिरव्याचा 0.587 आणि निळ्याचा 0.114 वाटा. 0 ते 255 च्या मापात 200 तीव्रतेचा लाल घेतला तर उत्तर येतं 60. 102 तीव्रतेचा हिरवा घेतला तरी 60च. म्हणजे लाल शालू आणि हिरवा शालू, पडद्यावर दोन्ही सारखेच करडे. आता नुसत्या 60 वरून शालू ओळखा! फिल्म तर या सूत्राइतकीही सरळ नसते. मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लालाला जवळपास आंधळी होती. तिच्यावर कुंकू काळं उमटायचं आणि निळं आकाश पांढरंफटक. त्यात पांढरं कापड दिव्यांखाली भगभगतं म्हणून कॅमेऱ्यापुढे बहुधा मळकट छटेचं कापड यायचं. मग सदरा पांढरा रंगवायचा की मळकट? कथेतला रंग खरा की सेटवरचा?

'मुघल-ए-आझम' इथे अपवाद आहे. 1960 च्या त्या चित्रपटातलं शीशमहालातलं गाणं आणि शेवटची रिळं मुळातच टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत, चित्रित झालेली. 2004 मध्ये बाकीचा चित्रपट रंगवला गेला तेव्हा पात्रं, पोशाख, दागिने यांचा अस्सल रंगीत नमुना त्याच चित्रपटात हजर होता. असं भाग्य किती चित्रपटांच्या वाट्याला येतं?

एआयचं म्हणाल, तर तेही अंदाजच करतं. एका छटेला दहा रंग शक्य असले की ते त्यांच्या मधला, म्हणजे मातकट तपकिरी, रंग देऊन मोकळं होतं. एका शॉटमधला पदर पुढच्या शॉटमध्ये रंग बदलतो. सुटे केस, धूर, झिरझिरीत ओढणी यांच्या कडांवरून रंग बाहेर ओघळतो. एक दृश्य विरत दुसरं उमटतं तिथे तर एकाच फ्रेममध्ये दोन दृश्यांचे रंग, तेही त्या-त्या क्षणीच्या प्रमाणात, मिसळावे लागतात. ते हातानं निस्तरावं लागतं.

आता तुमचा बरोबर असलेला अर्धा भाग. जतनाच्या नावाखालीही चित्र खोटं करता येतं, आणि केलं जातं.

ओरखडे दोन जातींचे. फिल्मच्या पाठीवरचा ओरखडा नुसता प्रकाश वाकवतो. फिल्मचं डिजिटल चित्र घेणाऱ्या स्कॅनरच्या वेट गेटमध्ये फिल्म परक्लोरोएथिलीनसारख्या द्रवातून जाते. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) फिल्मच्या पाठीच्या जवळपास असल्यामुळे ओरखडा भरून निघतो आणि दिसेनासा होतो. इथे संगणकाचा संबंधच नाही. इमल्शनवरच्या, म्हणजे चित्राच्या थरावरच्या, ओरखड्यात मात्र चित्र घडवणारी चांदीच खरवडून गेलेली असते, तो शेजारच्या फ्रेमवरून भरावा लागतो.

खरी मेख धुळीत आहे. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेड प्रकाशाला पारदर्शक असतात, त्यामुळे त्या प्रकाशात फक्त धूळ दिसते आणि तिचा नकाशा आयता मिळतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. सोय संपली. मग सॉफ्टवेअर एकच निकष लावतं: एकाच फ्रेमवर दिसलं आणि पुढे-मागे नाही, तर तो कचरा. या निकषानं पावसाचे थेंब कचरा ठरतात, ठिणग्या ठरतात, टिकल्यांची चमक ठरते, झपकन फिरलेल्या तलवारीचं टोकही ठरतं. म्हणून माणसानं बसून तपासावं लागतं. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे 2,16,000 फ्रेम. इथे वेळ वाचवायला कोणी धुळीची संवेदनशीलता वाढवतो, वर ग्रेनही, म्हणजे चित्रातले बारीक कणही, पुसतो. ग्रेन म्हणजे घाण नव्हे, चित्र त्याचंच बनलेलं असतं. तो पुसला की चेहरा मेणाचा होतो आणि विणीचं कापड गुळगुळीत रेक्झिन. अशा कामाला तुम्ही नावं ठेवलीत तर मी तुमच्या बाजूनं.

राहिली आजोबांची रीळ. खुशाल रंगवा, पण ते शेवटचं काम. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मची पट्टी ज्याची बनते ते ॲसिटेट कुजायला लागलंय. ती रीळ इतर रिळांपासून दूर ठेवा, कारण त्या वाफांनी शेजारच्याही बिघडतात. हवाबंद डब्यात कोंडू नका. हौसेनं प्रोजेक्टरवर तर मुळीच लावू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि फाटतात. दात्यांऐवजी रोलरवर फिल्म चालवणाऱ्या स्कॅनरवरच काम करून घ्या, आणि 'शार्पनिंग नको, ग्रेन काढू नका, कॉन्ट्रास्ट वाढवू नका' हे आधीच लेखी द्या.

आणखी एक, वेग विचारा. 100 फुटांच्या रिळेत 4,000 फ्रेम असतात. घरगुती मूक रीळ बहुधा सेकंदाला 16 फ्रेमनं घेतलेली असते, म्हणजे सव्वाचार मिनिटांना थोडी कमी. 24 नं चालवली तर पावणेतीन मिनिटांत संपते आणि आजोबा तुरुतुरु पळतात. स्कॅनची मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवा. रंग भरायचे ते तिच्या प्रतीवर, आणि त्या फाइलच्या नावातच 'रंगवलेली' असं लिहा. घरात आजीची ती साडी आठवणारं कोणी असेल, तर रंग आधी त्यांना विचारा, मग एआयला.