वेताळ उडाला, काळजी नसावी

आज सकाळी आमच्या कॉलनीतल्या वाचनकट्ट्यावर जे घडले ते घरी येऊन दोनदा चहा घेतला तरी मनातून जात नाही, म्हणून इथे लिहीत आहे. लांबण लागणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावे.

कट्टा म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. महिन्यातल्या एका रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन कूलर लावून पंधरा-वीस माणसे जमतात, कुणीतरी एका पुस्तकावर बोलते आणि मग तर्री-पोहे होतात. आज आठवीतली एक मुलगी बोलली. तिने इंग्रजीतली एक अद्भुतकथा वाचली होती आणि त्यातला सोन्याच्या ढिगावर वर्षानुवर्षे झोपणारा ड्रॅगन तिच्या डोक्यात बसला होता. ती म्हणाली की त्या ड्रॅगनला काही विकत घ्यायचे नसते, सोने त्याला खाता येत नाही, पण ढिगातला एक पेला हलला तरी त्याला ते बरोबर कळते. आणि हे वाचताना तिला त्यांच्याच नात्यातले एक गृहस्थ आठवले. सगळे हसले, तिची आई लाजली. मग आजचे पाहुणे, एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी, अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, ‘छान बोललीस बेटा, पण यातून घेण्यासारखे काय? आता चरित्रे वाचायला लाग. विज्ञानकथाही चालतील, त्यातून निदान विज्ञान तरी कळते.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी खाली बसली.

टाळ्या मीही वाजवल्या, हे आधीच कबूल करते. हात सवयीने उठले. तेव्हापासून डोके ठणकत आहे आणि त्याचे कारण केवळ ऊन नाही, हे पुढे लक्षात येईलच.

अहो, त्या मुलीने घेण्यासारखे होते ते घेतले होते आणि पंधरा माणसांसमोर मांडलेही होते! उपभोग नाही, उपयोग नाही, तरी मोजदाद सुटत नाही, हा माणसाचा नमुना तिने तेराव्या वर्षी ओळखला. आपल्याकडच्या आज्या सांगत त्या गोष्टीत कृपण माणूस मेल्यावर भुजंग होऊन आपल्याच पुरलेल्या हंड्यावर वेटोळे घालून बसतो. हा ड्रॅगन त्याचाच सातासमुद्रापलीकडचा भाऊबंद. नागपुरात असे भुजंग दर चौथ्या घरी आहेत. ते वर्धा रोडवरच्या रिकाम्या प्लॉटांवर झोपतात आणि कुंपणाचा एक खांब कुणी हलवला तरी जागे होतात. हे समजायला त्या मुलीला कोणत्या उद्योगपतीचे चरित्र लागणार होते?

आता बाबांची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली आहे, पण आज तिच्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

१९८१ साली मी सातवीत होते. साखरेच्या आजारामुळे बाबांना पन्नाशीच्या आतच मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रियेनंतर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरच्या अंधाऱ्या मधल्या खोलीत, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, मान न हलवता पडून राहण्याची त्यांच्यावर वेळ आली. बाबा एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळत. वर्तमानपत्र आणि हिशेबाच्या वह्या यांपलीकडे त्यांनी आयुष्यात काही वाचले नव्हते. शाळेतून आल्यावर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे माझे काम होते. ते संपले की आम्हा दोघांनाही काही सुचत नसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते कंटाळून म्हणाले, ‘तुझं ते काय असेल ते वाच.’ माझे ते म्हणजे रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेले ‘चांदोबा’चे जुने अंक आणि त्यातही आधी उघडायचे पान विक्रम-वेताळाचे.

चौकट तुम्हाला सर्वांना पाठ आहे. राजा झाडावरचे प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, मुकाट्याने चालू लागतो. प्रेतातला वेताळ वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होऊन त्याच्याच पायाशी लोळणार. आणि बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. मी चार-पाच गोष्टी वाचल्या असतील. बाबा नुसते हुंकार देत होते. मग एका संध्याकाळी पट्टीखालून त्यांचा आवाज आला, ‘हे तं माझंच चालू आहे बेटा. बोललो तं वेताळ उडते, अन् नाही बोललो तं डोकं फुटते.’

आई दारात उभी होती. ती आत आली आणि खाली बसली. त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळले की कार्यालयात जो माल कधी आलाच नाही, तो आल्याची नोंद साठा-वहीत करून खाली सही करावी, असे बाबांना चार महिने सांगितले जात होते. चार महिने हा माणूस ते घेऊन घरी येत होता, जेवत होता, सायकल पुसत होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. माझी आई विचारत नव्हती असे नाही. पण ‘काय झाले’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आधी झालेल्या गोष्टीला काही आकार असावा लागतो आणि तो आकार त्यांना रद्दीतल्या अंकाने दिला. भुताच्या गोष्टीने. घेण्यासारखे काय, म्हणे!

कुणी म्हणेल, त्यांना एखाद्या निर्भीड पुढाऱ्याचे चरित्र वाचून दाखवले असते तर अधिक धीर आला असता. मला ते पटत नाही. चरित्रे बहुधा अशा माणसांची असतात जी बोलली आणि अखेर जिंकली. बाबांना आपण जिंकणार नाही हे पक्के ठाऊक होते. दोन्ही बाजूंनी नुकसान असताना पाऊल कसे टाकायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे नेमके चित्र अकराव्या शतकात काश्मीरमधल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात संस्कृतात बांधून ठेवलेले होते. आणि त्यातला राजा तर आपल्या गोदाकाठच्या पैठणचा. तिथून महालातल्या मधल्या खोलीपर्यंत ते कोणकोणत्या वाटांनी आले असेल, याचा विचार करताना मला आजही नवल वाटते.

पाहुण्यांचा आक्षेप काही नवा नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडले. त्या डोंगरावर उभा राहून एक यक्ष चक्क ढगाजवळ बायकोसाठी निरोप देतो. कालिदासाला काय कळत नव्हते, की ढग निरोप नेत नसतात? पाचव्याच श्लोकात तो स्वतः म्हणतो की धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला मेघ कुठे आणि धडधाकट इंद्रियांच्या प्राण्यांनी पोहोचवायचे निरोप कुठे. पण विरहाने व्याकुळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेद उरत नाही. आक्षेप त्याने पाचव्या श्लोकात निकालात काढला आणि मग उरलेले शंभरावर श्लोक निवांतपणे लिहिले. शिवाय हा यक्ष कोण, तर कामात हयगय केली म्हणून वर्षभरासाठी घरापासून दूर पाठवलेला नोकरदार! दर पावसाळ्यात रामटेकला गाड्या भरून जाणारी आपली मंडळी हे विसरतात आणि इकडे पार्किंगमध्ये एका पोरीला ड्रॅगनचा हिशेब मागतात.

आणि मारबत? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून काळी-पिवळी मारबत निघते, सोबत त्या-त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, रोगराई अंगावर लिहिलेले बडगे, म्हणजे पुतळे, असतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो आणि शेवटी सगळे जाळले जाते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे शहर आपला राग राक्षसिणीच्या आकारात रस्त्यावर आणते. त्या बाईतून काय घेण्यासारखे आहे, असे तिथे कुणी विचारून दाखवावे.

इथे दोन गोष्टी मान्य करते, नाइलाजाने. अद्भुताच्या नावाखाली विटेएवढ्या जाडीचे जे सात-सात भाग निघतात, त्यातले पुष्कळसे निव्वळ तलवारींचे खणखणाट असतात आणि मी स्वतः त्यातले दोन अर्धवट टाकून दिले आहेत. दुसरे, ज्या राज्याला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तिथे भुताखेतांच्या गोष्टींविषयी एखाद्याला धास्ती वाटली तर ती अगदीच पोकळ म्हणता येत नाही. पण बुवा आपल्या थापा खऱ्या म्हणून विकतो आणि पैसे घेतो. वेताळाची गोष्ट सांगणाऱ्याने ती खरी असल्याचा दावा कधी केलाच नव्हता. बाबांनी उभ्या आयुष्यात एकाही बुवाला दाराशी उभे केले नाही आणि वेताळ मात्र शेवटपर्यंत वापरला.

‘विज्ञानकथाही चालतील’ हे वाक्य मला सर्वांत जास्त झोंबले. चालतील म्हणजे काय? विज्ञानकथेला आपण शिकवणीच्या वर्गात बसवून ठेवले आहे, तिने गुरुत्वाकर्षण समजावून द्यावे आणि मुकाट्याने घरी जावे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांची उलटापालट करून. खगोलशास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, कथा म्हणूनच तिला जोखावे, ही त्या माणसाची इच्छा. तिला पहिले बक्षीस मिळाले. विज्ञानाचा प्रसार व्हावा म्हणूनही ते लिहीत, हे खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण वाचणारा काय घेऊन उठतो, हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते.

वेगवेगळ्या ठिकाणी काळ वेगवेगळ्या गतीने चालतो, ही कल्पनाच पाहा. सापेक्षता मला आजही धड समजत नाही. भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलीसाठी वर विचारायला तो रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, तिथे चाललेले गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. मनात योजलेली सगळी स्थळे, त्यांची नातवंडे-पतवंडेसुद्धा, संपलेली असतात. आमच्या गल्लीतली किती मुले पुण्याला आणि तिथून अमेरिकेला गेली. ती दोन वर्षांनी धंतोलीतल्या दवाखान्यात वडिलांच्या खाटेजवळ उभी राहतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला ककुद्मी दिसतो. एक गाणे ऐकून येतो म्हणाली होती.

असो. राग जरा उतरला आहे. पाहुणे वाईट नाहीत. दर महिन्याच्या पोह्यांचे पैसे तेच देतात आणि खोटी स्तुती करत नाहीत. कदाचित त्यांनाही कधीकाळी कुणीतरी असाच प्रश्न विचारून खाली बसवले असेल. पण उत्तर ठाऊक असून मी टाळ्या वाजवल्या, ते त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला, ते कामावर रुजू झाले आणि त्यांनी साठा-वहीवर सही न करता वर एक टिपण लिहून पाठवले. महिन्याभरात त्यांची बदली चंद्रपूरच्याही पुढे झाली. तीन वर्षे आमची दोन घरे होती. आईने ढगाशी बोलल्याचे मला ठाऊक नाही, ती पोस्टमनशी बोलत असे. रुजू झाल्यावर त्यांचे पहिले पोस्टकार्ड आले, त्यावर खोलीचे भाडे आणि पाण्याची सोय यांच्या खाली एवढेच होते: ‘वेताळ उडाला. काळजी नसावी.’ ते कार्ड माझ्याकडे आहे.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती. मी तिच्याजवळ गेले आणि उशिराने का होईना, बाबांची ही सगळी गोष्ट तिला सांगितली. तिने विचारले, ‘मग शेवटी काय होते?’ ‘चांदोबा’तल्या वेताळाला शेवटच नव्हता, दर महिन्याला नवी गोष्ट तयार. पण मूळ कथेत चोविसाव्या प्रश्नाला राजा गप्प राहतो, कारण त्याला उत्तर खरोखरच ठाऊक नसते. त्याचे डोके शाबूत राहते आणि वेताळ प्रसन्न होतो, हे मी तिला सांगितले. एक खुर्ची हातात धरून तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘पण काकू, त्याला खरंच माहीत नव्हतं, की तो बोलून बोलून थकला होता?’

निवृत्तीच्या आधीच्या सहा-सात वर्षांत, नागपूरला परत आल्यावर, बाबांनी एकही टिपण लिहिले नाही. ते घरी वेळेवर येत आणि कार्यालयाचा विषय काढत नसत. तिथे आता सगळे ठीक असेल असे आम्ही धरून चाललो होतो. मी तिला म्हटले, ‘पोहे निवतील, चल.’