लिंगसमानतेचा परिच्छेद कसा लिहून घ्यावा

प्रकल्पाचा प्रस्ताव सादर करण्याची मुदत उद्या दुपारी संपत असेल, तर आज रात्री साडेनऊला गटातल्या एकमेव बाईंना फोन करावा आणि ‘मॅडम, ‘जबाबदार संशोधन’ या भागातला तो लिंगसमानतेचा परिच्छेद तेवढा तुम्हीच लिहा, तुम्हाला त्यातले जास्त कळते’ असे सांगावे. गेल्या आठवड्यात हा फोन मला आला. माझा विषय औषधांच्या मात्रेचा आहे.

युरोपीय संघाने २०२२ पासून ‘हॉरायझन युरोप’ या आपल्या संशोधन कार्यक्रमाच्या निधीसाठी विद्यापीठांना लिंगसमानता आराखडा सक्तीचा केला आहे, त्यातली आकडेवारी, प्रशिक्षण आणि मनुष्यबळ या अटी कटकटीच्या असल्या तरी त्यावर लागणारी संस्थाप्रमुखांची सही लगेच मिळते, म्हणून सुरुवात त्या सहीपासूनच करावी.

माहितीपत्रकावर सूक्ष्मदर्शकात डोकावणारी तरुणी छापावी. ती संस्थेत नोकरीला असलीच पाहिजे असे नाही.

प्रयोगात मात्र समानता शिरू देऊ नये. उंदीर नरच घ्यावेत, माद्यांच्या संप्रेरकचक्रामुळे आकडे बिघडतात असे कारण द्यावे, आणि तेच औषध पुढे बायकांनाही द्यायचे आहे हा विषय काढू नये. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली; बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका संभवतो, म्हणून त्यांची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला २०१३ उजाडले. त्याच देशात १९९७ ते २००० या काळात बाजारातून मागे घेतलेल्या दहा औषधांपैकी आठ औषधांचा धोका स्त्रियांना अधिक होता. कोट्यवधी खर्चून बनवलेले औषध परत बोलावण्याला नवोन्मेष म्हणतात काय?

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात देश घसरला की समिती नेमावी. त्या निर्देशांकात उच्चशिक्षित नोकरदार स्त्रियांचे प्रमाणही मोजले जात आले आहे, हे सांगणारे कोणी समितीत नसावे.

परिच्छेद मी रात्री एक वाजता पाठवला आणि सोबत मादी उंदरांच्या खर्चाची एक ओळ अंदाजपत्रकात घातली. सकाळी पाहिले, तर परिच्छेद शब्दशः तसाच होता आणि ती ओळ कापलेली होती. अहो, तुम्ही संशोधक म्हणवता ना? अर्ध्या रुग्णांवर न तपासलेला निष्कर्ष सर्वांना लागू म्हणून खपवता, वर त्याला समानतेचे वेष्टन माझ्याच हातून घालून घेता, आणि मी विचारले तर ‘मॅडम, पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणता. मागच्या प्रकल्पातही हेच म्हणाला होता.