कोर्टात हातोडा कुठंय?

“कोर्ट म्हणजे निव्वळ नाटक. गीतेवर हात ठेवून खोटं बोलायचं, चांगला नट असेल तो वकील जिंकणार, जजनं हातोडा आपटला की पडदा. पटत नसेल तर नानावटी आठवा.” हा मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय.

गीता आणि हातोडा आधी उरकू. दोन्ही सिनेमातले. 1969 च्या शपथ कायद्यात कुठल्या ग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही. ईश्वराची शपथ घ्या, नाहीतर नुसती प्रतिज्ञा करा. हातोडा तर आपल्या जिल्हा न्यायालयात शोधूनच दाखवा. तिथं आवाज चढतो तो शिपायाच्या पुकाऱ्याचा. सिनेमातल्या काळ्या कोटाचंही तेच: उन्हाळ्यात खालच्या कोर्टात तो सक्तीचा नाही, वकिलांच्या बार कौन्सिलचाच नियम आहे. एप्रिलमधलं सोलापूर माहीत असणाऱ्याला कारण सांगायला नको.

आता ‘नट जिंकतो’. एखादा उलटतपास बसून ऐका. वकील तावातावानं विचारतो, साक्षीदार तेलुगू वळणाच्या मराठीत काहीतरी पुटपुटतो, आणि न्यायाधीश शांतपणे स्टेनोला सांगतात, “हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो.” तो ताव, ते हातवारे कागदावर उतरतच नाहीत. अपिलात वाचला जातो तो हाच कागद, सोबत निशाणी पडलेला, म्हणजे पुरावा म्हणून नोंदलेला पंचनामा. पंच फितूर झाला तर खणखणीत आवाज घेऊन काय करणार? हावभावांवर शेरा मारायची सोय कायद्यात आहे, पण ती साक्षीदाराच्या हावभावांवर, वकिलाच्या नव्हे.

नानावटीचं, म्हणजे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा खटला झालेल्या नौदल अधिकाऱ्याचं, उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. 1959 मध्ये ज्युरीनं, म्हणजे निवाडा द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 मतांनी त्याला निर्दोष ठरवलं, इथवर ठीक. पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं, तिथं जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढची माफी राज्यपालांची, कोर्टाची नव्हे. 1973 च्या फौजदारी संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही.

कोर्टावर बोट ठेवायला खरी जागा वेगळीच होती, आणि सोलापूरकराला ती सुचायला हवी होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचा खटलाही सगळ्या सोपस्कारांनिशी चालला, आणि 12 जानेवारी 1931 ला चौघं येरवड्यात फासावर गेले. त्यांचा वकील नट म्हणून कमी पडला नव्हता. पुरावा गोळा करणारे पोलीस आणि निकाल देणारं कोर्ट, दोन्ही एकाच ब्रिटिश सरकारचे होते.