इनिटआरडी नाही, एवढं एका ओळीत सांगायला काय जातं?

च्यायला, एक ओळ. साउंड चिपच्या ड्रायव्हरमध्ये फक्त एक ओळ घालायची होती.

नव्या लॅपटॉपचे स्पीकर लिनक्सवर मुके. हेडफोन लावला की आवाज खणखणीत, म्हणजे चिप जिवंत आहे. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी स्पीकरची जोडणी त्यांच्या मर्जीने केली आणि ती कुणाला सांगायची तसदी घेतली नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये त्या मॉडेलचा आयडी आणि 'याला अमुक दुरुस्ती लावा' अशी नोंद घालावी लागते. अशा नोंदींची तिथे शेकड्यांनी यादी आहे. आमच्या मॉडेलचा पॅच कुणा भल्या माणसाने पाठवलाय, तो मंजूरही झालाय, पण डिस्ट्रोच्या (आपण इन्स्टॉल करतो त्या तयार लिनक्सच्या) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, उतरेपर्यंत किती दिवस जातील देव जाणे. तोवर बसा कंपाइल करत.

('नुसतं तेवढं मॉड्यूलच, म्हणजे ड्रायव्हरचा सुटा तुकडाच, बिल्ड कर की' हे सांगायला येणारे येतीलच. केलं बाबा. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. चालू कर्नलशी सोर्स आणि कॉन्फिग तंतोतंत जुळल्याशिवाय ते मॉड्यूल आत घेत नाही. पुढे बोला.)

तर मग अख्खं कर्नल. चालू कर्नलची कॉन्फिग (काय घ्यायचं, काय नाही याची यादी) उचलली आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' मारलं. आता हे प्रश्न विचारत सुटतं. जन्मात न ऐकलेल्या कुठल्यातरी सेन्सरचा ड्रायव्हर हवा का? हो, नाही की मॉड्यूल? कसलंसं इंडस्ट्रियल कार्ड हवं का? एंटर, एंटर, एंटर. एवढ्या चौकशीत 'हे जे बनवतोयस ते तुझ्याच डिस्कवरून उठेल का रे' हा एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

मग पंखा घोंघावत दोनेक तास कंपाइल. मग मॉड्यूल इन्स्टॉल, मग कर्नल इन्स्टॉल. स्क्रीनवरून 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' अशा वॉर्निंगचा पूर वाहतो. या वॉर्निंग गेली कित्येक वर्षं दर अपडेटला येतात आणि जगातला प्रत्येक गाइड सांगतो की दुर्लक्ष करा, काही होत नाही. त्या पुराच्या पोटात कुठेतरी एक ओळ होती: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. आणि तिच्याखाली 'एमके-इनिटरॅमएफएस फेल्युअर'. म्हणजे इनिटआरडी बनली नाही; डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर जिच्यात भरलेले असतात आणि जी कर्नलबरोबर सुरुवातीलाच लोड होते ती फाइल. लाल रंग नाही, ठळक अक्षर नाही, 'थांब, रीबूट करू नकोस' असं तर नाहीच नाही. निरुपद्रवी वॉर्निंगच्या शंभर ओळींत जीवघेणी ओळ त्याच रंगात, त्याच आकारात.

गाइडमधली पुढची पायरी 'अपडेट-ग्रब'. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कर्नल निवडायचा मेनू दाखवणारा. हा महाभाग तर कमालच करतो. 'फाउंड लिनक्स इमेज', खाली नव्या कर्नलचं नाव. जुन्या कर्नलच्या नावाखाली आणखी एक ओळ असते, 'फाउंड इनिटआरडी इमेज'. नव्याच्या खाली ती ओळ नाही. बस. हीच काय ती सूचना. जी ओळ छापलेलीच नाही ती आपण वाचायची! इनिटआरडी सापडली नाही तरी ग्रब शांतपणे त्या कर्नलची मेनूत नोंद करतो, वर तीच डीफॉल्ट, आणि शेवटी 'डन'. काय डन? कुणाचं डन?

रीबूट. पहिल्या झटक्याला सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं कर्नल चालू न देणारा पहारेकरी, आडवं आलं. 'बॅड शिम सिग्नेचर', आणि त्याच्याखाली उपदेश: 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट'. अरे, तेच तर करतोय ना मी! तूच लोड करू देत नाहीयेस. ते बायोसमध्ये जाऊन बंद केलं. घरच्यांनी विचारलं, "जुना चालू होतोय ना? मग तोच वापर की." यावर काय बोलणार.

पुन्हा रीबूट. काळ्या स्क्रीनवरून अक्षरं सरसर वर गेली आणि एकदम थबकली. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, कर्नल मेलं की तो दिवा लुकलुकतो. खाली शेवटची ओळ: 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'.

आता खरं कारण या ओळीच्या वर कुठेतरी असणार. पण वर जायचं कसं? कर्नल मेलंय, कीबोर्ड मेलाय. आणि शिफ्ट-पेजअपने मागे सरकायची सोय तर जिवंत कन्सोलवरूनही २०२० साली, ५.९ आवृत्तीच्या वेळी काढून टाकली. का, तर तो कोड सांभाळायला कुणी नव्हतं. मग उरला मोबाइल. स्लो मोशनमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ काढायचा आणि एकेक फ्रेम थांबवून वाचायची. हसू नका, कर्नलशी खेळणारे सगळे हेच करतात. ६.१२ पासून पॅनिकच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवायची सोय आली आहे म्हणे. हो, आली आहे. पण तीसुद्धा कॉन्फिगमध्ये आपण चालू केली असेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर साथ देत असेल तर.

आणि त्या एका ओळीवर मिळणारे सल्ले! कुणी म्हणतं एफएससीके चालव, म्हणजे फाइल सिस्टिम तपास. कुणी म्हणतं डिस्क खराब झाली असेल, बॅकअप घे. कुणी म्हणतं रॅम तपास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अहो, कंसातले दोन आकडे तरी बघा! (०,०) म्हणजे रूट (सगळी सिस्टिम जिथे आहे ते पार्टिशन) म्हणून जे सांगितलंय ते कर्नलला सापडलंच नाही. पहिला आकडा ८ किंवा २५९ असता तर डिस्क दिसली, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम वाचता आली नाही, असा अर्थ झाला असता. दोन्ही दुखणी वेगळी, औषधं वेगळी. कर्नलने हे शब्दांत लिहिलं असतं तर शाई संपणार होती का? 'अननोन-ब्लॉक (०,०)' म्हणे. कुंडली मांडायची का आता?

रोग काय निघाला ते ऐका. डिस्क एन्क्रिप्ट केली की इन्स्टॉलर '/बूट'साठी, म्हणजे कर्नल आणि इनिटआरडी ठेवायच्या जागेसाठी, वेगळं, छोटंसं पार्टिशन काढतो. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती (चुका शोधणाऱ्यांसाठीची जादा माहिती) चालू असते. डिस्ट्रोवाले पॅकेज बनवताना मॉड्यूलमधून ती काढून टाकतात, पण आपण 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' मारलं की ती सगळी चरबी तशीच राहते. ती मॉड्यूल इनिटआरडीत भरली की ती फुगून काहीशे एमबी होते. '/बूट' भरलं, इनिटआरडी बनलीच नाही. आणि इनिटआरडी नसेल तर एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणारंच कुणी नाही, एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर लोड करणारंही कुणी नाही, कारण तोही मॉड्यूल. कर्नल बिचारं उघड्या हातांनी बंद दारापुढे उभं.

यावर उतारा काय, तर 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१'. एवढा एक शब्द जोडला की चरबी जाते. हा शब्द बहुतेक गाइडमध्ये नसतोच, आणि असला तर सगळ्यात शेवटी, 'ऐच्छिक' म्हणून.

माझा संताप कर्नल उठलं नाही याचा नाही हो. सरकारी कचेरीत जसं एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवतात आणि प्रत्येक जण 'आमचं काम झालं' म्हणतो, तसं चाललंय हे. मेक म्हणतो, मी कंपाइल केलं. इनिटआरडी बनवणारा म्हणतो, मी सांगितलं होतं जागा नाही. ग्रब म्हणतो, मला कर्नल दिसलं, मी नोंद केली. अरे, तुम्ही सगळे याच मशीनवर चालताय ना? रूट एन्क्रिप्टेड आहे, डिस्क एनव्हीएमई आहे, जुन्या कर्नलला इनिटआरडी आहे आणि नव्याला नाही, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मग 'हे उठणार नाही' ही एक ओळ लिहायला कुणाचा हात धरला होता?

जुन्या कर्नलवर परत जाण्याचाही सोहळाच. मेनू लपवलेला असतो, सामान्य माणूस घाबरेल म्हणून. एस्केप दाबायचं, पण नेमक्या क्षणी आणि एकदाच. घाईत दोनदा दाबलं गेलं की मेनू जाऊन 'ग्रब>' असा कोरा प्रॉम्प्ट येतो. सामान्य माणूस आता अजिबात घाबरत नाही.

स्ट्रिप करण्यापेक्षा 'लोकलमॉडकॉन्फिग' वापर, असं एकाने सांगितलं. चालू असलेली मॉड्यूल तेवढीच ठेवतं, बाकी छाटतं, कंपाइलही पटकन होतं. खरंच झालं. '/बूट'मध्ये जागा उरली, इनिटआरडीची ओळ छापली गेली, पासवर्ड विचारला, मशीन उठलं, स्पीकर वाजले.

आणि आज ऑफिसात पेनड्राइव्ह लावला. दिवा लागला. खिडकी काही उघडेना. कॉन्फिग बनवताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी-स्टोरेज मॉड्यूल बिनकामाचं ठरवून छाटून टाकलंय. न विचारता. सेन्सरचं मात्र विचारलं होतं.