"झिंबाब्वेकडे बघा" म्हणणाऱ्यांना

सीलिंगच्या, म्हणजे जमीनधारणेवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: "झिंबाब्वेत गोऱ्यांची भरभराटीची शेती हिसकावून वाटली. सत्ताधाऱ्यांच्या बगलबच्च्यांनी ती लाटली, पिकं बुडाली, नोटांचा कचरा झाला." यात खऱ्याखोट्याची सरमिसळ आहे, आणि सगळ्यात मोठा अन्याय वगळलेला आहे.

आधी नोटांचं. शेतं घेण्याची मोहीम 2000 सालची. झिंबाब्वेचा डॉलर नोव्हेंबर 1997 मध्येच गडगडला होता, कारण गोऱ्यांच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तियुद्धात लढलेल्यांना सरकारने तिजोरीत नसलेले पैसे कबूल केले होते. पुढच्याच वर्षी काँगोच्या युद्धात सैन्य धाडलं. शेतीच्या पडझडीने संकट वाढलं हे मान्य, पण 2008 ची महागाई बेसुमार नोटा छापल्याने भडकली.

"हिसकावली" म्हणता, तर ती गोऱ्यांकडे कशी आली तेही सांगा. ब्रिटिश वसाहतीच्या काळातल्या 1930 च्या कायद्याने देशाची जवळपास निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखली आणि काळ्यांना बव्हंशी कमी पावसाच्या, हलक्या जमिनीवर कोंबलं. 1980 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेही लंडनमध्ये झालेल्या लँकेस्टर हाउसच्या करारातली अट स्वीकारून: दहा वर्षं, मालक राजीखुशीने विकेल तेवढीच जमीन घ्यायची. 1,62,000 कुटुंबांना वसवायचं ठरलं होतं. वीस वर्षांत निम्मीही वसली नाहीत.

बगलबच्च्यांनी लाटली? मोठ्या शेतांपैकी बरीच, हो. पण छोट्या तुकड्यांच्या योजनेत सुमारे दीड लाख कुटुंबांना जमीन मिळाली, आणि त्यांत खेड्यातली साधी माणसं मोठ्या संख्येने होती.

पिकांचं म्हणाल तर तंबाखू बघा. 2000 मध्ये सुमारे 23 कोटी किलो, 2008 मध्ये 5 कोटींच्या आत, 2023 मध्ये 29 कोटींच्या वर. यातला मोठा वाटा छोट्या शेतकऱ्यांचा आहे. मात्र तंबाखू विकत घेणारी कंपनी बियाणं-खत उधार देते आणि माल तिलाच घालावा लागतो, त्यामुळे कर्ज मानेवर राहतं. मक्याची स्थिती याहून नाजूक. एल निनोच्या दुष्काळात तो आजही हातचा जातो.

आता वगळलेलं. गोऱ्यांच्या शेतांवर लाखो मजूर राबत होते. कित्येकांचे बापजादे मलावी, मोझांबिकमधून आलेले. मोहिमेत मारहाण झाली, खून झाले, त्याची झळ मालकांइतकीच मजुरांनाही बसली. काम गेलं, अनेकांची राहती घरं गेली, आणि वाटपात त्यांतल्या फार थोड्यांना जमीन मिळाली. 2020 मध्ये गोऱ्या मालकांशी साडेतीन अब्ज डॉलर भरपाईचा करार झाला. मजुरांसाठी असा करार झालेला नाही.