सातव्या महिन्यात खुर्ची मागणं

आज दुपारी मैत्रिणीचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. तिला सातवा महिना लागलाय. ज्या गायकाला कॉलेजपासून ऐकतेय, त्याच्या कॉन्सर्टचं तिकीट तिने दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच काढलं होतं. स्टँडिंगचं. परवा तिने आयोजकांना मेल केला, की वरचे पैसे भरते, पण कुठेतरी बसायची सोय करा. आज उत्तर आलं: गरोदरपण अपंगत्वात धरलं जात नाही, बदल होणार नाही. आणि खाली, "तब्येतीची काळजी घ्या."

काळजीच घेतेय ना ती! म्हणूनच तर मेल केला!

मला माझा तो स्टूल आठवला. अशाच एका कॉन्सर्टला गेले होते, मीही सातव्यातच होते. अर्धा तास उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. या दिवसांत अंगातलं रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि एका जागी उभं राहिलं की सगळं रक्त पायांत उतरतं. नाटक नसतं ते. मी जिन्याच्या पायरीवर टेकले, तर गार्ड म्हणाला, "ताई, इथे बसता येणार नाही, आग लागली तर बाहेर पडायची वाट आहे." त्याचं बरोबर होतं, मान्य. पण मग बसू कुठे? त्याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

दारावर तिकिटं स्कॅन करणारा एक मुलगा हे बघत होता. वीस-एकवीस वर्षांचा असेल. काही न बोलता आपला स्टूल उचलून घेऊन आला. रेक्झिन फाटलेलं, त्यावर खाकी टेप, आणि एक पाय आखूड. त्याने खिशातला कागद घडी करून त्या पायाखाली सरकवला, हाताने हलवून बघितला, मग म्हणाला, "बसा."

एवढंच लागतं हो! एक स्टूल!

आता "अशा अवस्थेत जायचंच कशाला" म्हणणाऱ्यांसाठी. आवाजाचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. साधारण २४ आठवड्यांपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं, आणि आईने कानात बोळे घातले तरी त्यांचा बाळाला उपयोग होत नाही. बेसचा धमधमाट तर पोटातून आरपार जातो. अमेरिकेतली एनआयओएसएच ही सरकारी संस्था गरोदर बायकांना ११५ डेसिबलच्या वरच्या आवाजापासून लांब राहायला सांगते. मग स्पीकरपासून लांबची, दाराजवळची, बाथरूमला पटकन जाता येईल अशी जागा आम्ही मागतो, ती याच कारणासाठी ना? पुढची रांग कोणी मागितली? मागेच बसवा, पण बसवा. डॉक्टरांना विचारून गेलेल्या बाईला बाकीच्यांनी पुन्हा कशाला विचारायचं?

आणि हो, आयत्या वेळी खुर्ची आणायची कुठून, हा आयोजकांचा प्रश्नही खोटा नाही. पण हिने तीन आठवडे आधी विचारलंय. तीन आठवड्यांत एक खुर्ची मिळत नाही?

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? फोनवर ती म्हणाली, "जाऊ दे गं, विकून टाकते तिकीट, उगाच कोणाला त्रास." त्रास! त्या संध्याकाळी मीही त्या मुलाला तीनदा सॉरी म्हणाले होते. माझ्या हक्काच्या तिकिटावर, माझ्याच पैशांनी आलेली मी, स्टुलावर बसल्याबद्दल माफी मागत होते.

तो मुलगा मात्र पुढचे दोन तास उभा होता. रेलिंगला टेकून, कधी या पायावर, कधी त्या पायावर. मध्ये मी उठायला लागले, तर त्याने लांबूनच हात हलवून बसा म्हणून खूण केली. शेवटचं गाणं हळू होतं, नुसता आवाज आणि पेटी. पोटात इतका वेळ चाललेली हालचाल एकदम शांत झाली. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले. निघताना त्याला शोधलं, पण तो गर्दीला वाट करून देण्यात गुंतला होता. नीट आभार मानायचे राहूनच गेले.

तिला सांगितलंय, तिकीट विकू नकोस. उद्या सकाळी हॉलच्या मॅनेजरला मी स्वतः फोन करणार आहे. तुमच्यापैकी कोणी अशा कार्यक्रमांचं व्यवस्थापन करत असेल, तर नक्की कोणाशी बोलायचं ते आज रात्रीच कळवा.